सात्यांची जागा

शालूताई रंगारींना कात्री कुठे आहे असं विचारलं तर त्या जागा सांगत नसत. "खिडकीकडं जाऊन पाह्यलं का?" एवढंच म्हणत. विचारणारा खिडकीकडे जाई. तिथे कात्री नसे. पण तिथून मागच्या टेबलाचा अर्धवट उघडा खण दिसे, आणि कात्री खणात असे. भंडाऱ्यातल्या आमच्या वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयात हा प्रकार प्रत्येकाने सोसला होता. शिपाई बंडूभाऊ एकदा वैतागून म्हणाले, "ताई, तहानेनं माणूस मरून राहिला तरी तुम्ही त्याले विहीर कुठं हाय ते नाही सांगणार."

"विहीर कायले सांगू, बंडूभाऊ? जे पायवाट ओली दिसन, तिकडून घागरी येऊन राहिल्या. उलटं चालाचं."

शालूताई आमच्याकडे पानं लावायच्या. बातमीदारांचा मजकूर आणि छायाचित्रं संगणकावर पानात बसवायची आणि संध्याकाळी पान छपाईला पाठवायचं, हे त्यांचं काम. वय चाळिशीच्या आतबाहेर, लग्न केलेलं नव्हतं. आठवडाभर भंडाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि सुटीच्या दिवशी साकोलीला बस बदलून एकोडीला वडिलांकडे जायच्या. आवाज हळू होता. वाद घालत नसत, पण पानाच्या बाबतीत त्यांनी एकदा नाही म्हटलं की ब्यूरो चीफ देशकर साहेबसुद्धा पुन्हा विचारत नसत. एकदा साहेबांनी जंगलातल्या रस्त्याचा फोटो पानाच्या डाव्या कडेला हलवायला सांगितला. शालूताईंनी हलवला नाही. म्हणाल्या, "सर, यातला रस्ता डावीकडं वळते. तिथं ठेवला त वाचणारा वळणावरून पानाच्या बाहेर निघून जाईन. उजवीकडं असू द्या, आत येईन."

दुपारी मजकूर येईपर्यंतचा वेळ रिकामा असे. त्या वेळात शालूताई एक खेळ तयार करत होत्या. संगणकाचा डिप्लोमा त्यांनी साकोलीला केला होता, पुढचं सगळं इंटरनेटवर पाहून शिकल्या होत्या. मोबाइलच्या ब्राउझरमध्येच उघडणारा खेळ. काही उतरवून घ्यायचं नाही, लिंक दाबली की रान सुरू. गावातल्या साध्यात साध्या फोनवर तो चालला पाहिजे, या हट्टापायी त्या एकेक झाड पुन्हा पुन्हा लहान करत. पळसाचं एक पान कमी केलं तरी पळस पळसच दिसतो का, हे ठरवण्यात त्यांची एक अख्खी दुपार गेलेली मी पाहिली आहे.

खेळात धानाच्या शेताचे तुकडे, बांध्या होत्या, त्यांच्यामधल्या बांधावरून जाणारे अरुंद धुरे होते, तळ्यासारखी एक बोडी होती आणि बोडीपलीकडे जंगल होतं. खेळणाऱ्याने या सगळ्यातून हिंडून सात्या शोधायच्या. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानटी अळिंबी. आमच्या भागात ज्या घरी सात्या शिजतात त्या घरी त्या दिवशी मटणाची आठवण कुणी काढत नाही. त्या कुठे उगवल्या आहेत हे सांगणारी कसलीच खूण पडद्यावर नव्हती. नकाशा नव्हता, बाण नव्हता, किती उरल्या याचा आकडाही नव्हता.

नकाशा कुठे आहे, असं मी विचारलं होतं.

"नकाशा देल्ला त माणूस नकाशा पाह्यते," त्या म्हणाल्या. "रान कोण पाहीन मंग?"

मग हळूहळू त्यांनी आपली रीत सांगितली. मोठ्या झाडामागे काहीतरी अर्धं दिसलं पाहिजे, पुरतं नाही. वळणाआधी पुढचं दिसता कामा नये, पण पुढे काही आहे असं वाटलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी जाऊन हाती काही लागू नये. तरी त्या रिकाम्या जागीही पाहण्यासारखं काही असावं. त्यांच्या रानात एका ठिकाणी तीन दगडांची विझलेली चूल होती. तिचा खेळाशी काही संबंध नव्हता. चूल कुणाची, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मले काय माहीत? कोणीतरी बसलं असन." सात्यांची चाहूलही रानच द्यायचं. एखाद्या संध्याकाळी घरातल्या दिव्याभोवती वाळवीची पाखरं उडाली, तर काही दिवसांनी कुठेतरी सात्या निघणार. जागेजवळ गेलं की किड्यांची किरकिर थांबायची. ज्याने फोनचा आवाज बंद ठेवला, त्याला हे कधीच कळायचं नाही.

देशकर साहेबांनी जेवणाच्या सुटीत तो खेळून पाहिला. बराच वेळ हिंडून फोन टेबलावर ठेवला. "शालूताई, यात जिंकायचं कधी?"

"सर, तुम्ही बोडीच्या त्या अंगानं गेलेच नाही."

"तिकडे काय आहे?"

"मले कायले विचारता? मी काय तिकडं राहाते?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेच खुशीत. बोडीपलीकडे मोहाच्या झाडाला पार आहे आणि पारावर कुणी पणती लावून ठेवली आहे, असं त्यांनी सगळ्या कार्यालयाला ऐकवलं. बंडूभाऊंनी विचारलं, "कुठून जाव लागते, साहेब?" साहेब म्हणाले, "जाऊन बघ ना." शालूताईंनी मान संगणकामागे खाली घातली. त्या हसत होत्या.

ही रीत त्यांची स्वतःची नव्हती. ती कुठून आली ते एकोडीला गेल्यावर समजलं. धानावर तुडतुडा पडला होता, त्याची बातमी घ्यायला मी गेलो होतो आणि शालूताई सुटीवर घरी होत्या. त्यांचे वडील दशरथजी सत्तरीकडे झुकलेले, काटक, खांद्यावर चौकड्याचा दुपट्टा. बातमीचं काम आटोपल्यावर ते म्हणाले, "पेपरवाले साहेब, येता का रानात? सात्या निघाल्या असतीन."

आम्ही तिघं निघालो. दशरथजी आधी बोडीकडे गेले. तिच्या काठच्या पाळीवर बसून त्यांनी एका गुराख्याशी त्याच्या पोरीच्या लग्नाबद्दल सविस्तर गप्पा मारल्या. मग उलट दिशेच्या धुऱ्याने निघाले, एका नाल्यात उतरले, नाल्यातून वर आले आणि पुन्हा बोडीवर येऊन बसले. सात्या कुठेच दिसल्या नाहीत. परत येताना शालूताईंना हसू आवरेना. "बाबानं तुमाले गोल फिरवलं!"

दशरथजींनी इन्कार केला नाही. "आता पाहा साहेब," ते म्हणाले, "ज्याच्यापाशी काही नाही थो सरळ जाते. ज्याच्यापाशी काही हाय थो फिरून जाते. तुमी पाव्हणे, वाईट नोका मानू. पोरीलेबी मी असाच फिरवतो."

आम्ही घरी येऊन चहा घेत होतो तेवढ्या वेळात ते पुन्हा बाहेर गेले. परतले तेव्हा दुपट्ट्याची गाठ भरलेली होती. सात्या उपटायच्या कशा, ते त्यांनी अंगणात दाखवलं. देठ दोन बोटांत धरून हलके फिरवायचा. वारुळाला धक्का लागू द्यायचा नाही. वारूळ फोडलं की ती जागा गेली, पुढल्या वर्षी तिथे काही निघत नाही.

जागा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, अशी त्या गावात पद्धत. रंगारींच्या घरात ती आणखी कडक होती. बापाने मुलाला सांगायचं ते अगदी शेवटी. दशरथजींना त्यांच्या वडिलांनी खाटेवर पडल्यानंतर सांगितलं होतं. शालूताईंना तेवढा धीर नव्हता. लहानपणी त्या वडिलांच्या बऱ्याच मागे राहून, झाडाआडून, त्यांच्या पायांकडे पाहत जात. अशा त्यांनी जागा शोधल्या. भांडी घासता घासता त्यांनी मला हे हळू आवाजात सांगितलं. "बाबाले माहीत नाही. सगळ्या भेटल्या मले. एकच नाही भेटली. थे एक हाय, मले पक्कं माहीत हाय. तिथल्या सात्या आणते त्या दिवशी बाबा कुठून येते तेच समजत नाही."

खेळातलं रान त्यांनी या रानावरून घेतलं होतं. गावाचं नाव नव्हतं. पण बोडीची वाकडी पाळ, एकमेकांत गुंतलेले तीन पळस, नाल्याचं वळण आणि वारुळं, सगळं जिथल्या तिथे होतं. त्यात काही बिघडण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नाही. शोधायला इतकं अवघड केलेलं रान कुणी ओळखेल, हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

खेळ कार्यालयाबाहेर गेला तो साकोलीकडच्या एका शिक्षकामुळे. सुटीतल्या शिबिरात मुलांना दाखवू या, म्हणून त्यांनी शालूताईंना बोलावलं. त्या नवी साडी नेसून गेल्या. काय झालं ते परत आल्यावर त्यांनी सांगितलं. मुलांनी लिंक उघडली, धुऱ्यावरून इकडेतिकडे धावली, आणि एकामागून एक फोन खाली ठेवले. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून सरळ म्हणाली, "मॅडम, यात त काहीच नाही."

कार्यालयात यावर चर्चा झाली. साहेब म्हणाले, थोडं दाखवायला हरकत नाही. बातमीला आपण मथळा देतोच ना. बंडूभाऊंचं मत वेगळं पडलं. "नोका दाखवू, ताई. मी अजून हिंडूनच राहिलो." त्यांचं कुणी ऐकलं नाही. शालूताईंनीही ऐकलं नाही. ते रान उभं करायला त्यांना काही वर्षं लागली होती, आणि त्यात काहीच नाही असं एका मुलीने म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात खेळात एक छोटा पिवळा बाण आला. खेळणारा बराच वेळ रिकाम्या हाताने हिंडला की तो वरच्या कोपऱ्यात उगवायचा आणि जवळच्या वारुळाकडे वळायचा. खेळ चालला. व्हॉट्सॲपच्या गटांवरून लिंक फिरली. अनोळखी लोकांचे निरोप येऊ लागले. खेळ पुरा झाला, मस्त आहे, पुढचा कधी? शालूताई प्रत्येकाला उत्तर देत. विझलेल्या चुलीबद्दल त्यातल्या एकानेही विचारलं नाही, असं त्या एकदा म्हणाल्या. पान लावता लावता, संगणकावरून नजर न काढता.

लिंक एकोडीतही पोचली होती. गावातल्या तरुणांना तीन पळस ओळखायला वेळ लागला नाही. बाकीचं बाणाने केलं. त्या पावसाळ्यात वाळवीची पाखरं उडून गेल्यावर दशरथजी आपल्या पद्धतीने बोडीवर बसून, नाल्यातून फिरून पहिल्या जागेवर गेले, तेव्हा वारूळ पहारीने मुळापासून उकरलेलं होतं. दुसरीकडे तेच. तिसरीकडेही तेच. पोरांनी सात्या महामार्गावर नेऊन विकल्या होत्या.

शालूताई सुटीवर घरी गेल्या तेव्हा दुपट्टा खुंटीला टांगलेला होता. काय झालं ते वडिलांनी एका वाक्यात सांगितलं. पोरांना जागा कशा कळल्या हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी ते विचारलंही नव्हतं. शालूताईंनी स्वतः सांगितलं. फोन काढून खेळ दाखवला. दशरथजींनी फोन हातात घेतला, लांब धरून पाहिला. बोडी ओळखली, पळस ओळखले. बाण वारुळाकडे वळला तोही पाहिला.

पुढचं बोलणं शालूताईंनी मला जसं सांगितलं तसं देतो.

"हे तुले मी सांगतलो नव्हतो."

"नाही, बाबा. मी तुमच्या मागं मागं येऊन पाह्यलं. लहानी होती तवा."

"तूनं शोधली?"

"हो."

"मंग तुह्या मालकीची होती थे जागा." फोन परत देत ते म्हणाले. "तुले वाटावं वाटलं, तूनं वाटली. मी काय म्हणू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं, एवढंच शालूताई यावर बोलल्या.

बाण त्यांनी त्याच दिवशी काढला. मग बोडी हलवली, पळस तोडले, नाला दुसरीकडे वळवला. पृथ्वीवर कुठेच नसलेलं रान तयार केलं. लोकांनी तक्रारी केल्या, मग तक्रारीही थांबल्या. कार्यालयात कात्री मागितली की शालूताई आता उठून आणून देत. बंडूभाऊंना ते आवडत नसे. "ताई, खिडकीकडं जाऊ का?" असं ते मुद्दाम विचारत. शालूताई हसत, पण कात्री हातात ठेवत.

त्याच हंगामात, पोळा होऊन गेल्यावर, दशरथजी एका सकाळी भरलेला दुपट्टा घेऊन घरी आले. म्हणजे ती एक जागा शाबूत होती. सात्या निवडल्या गेल्या, शिजल्या. बापलेक समोरासमोर बसून जेवले. कुठून आणल्या हे शालूताईंनी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. मात्र एक बदल त्यांच्या लक्षात आला. पूर्वी वडील गावाला चकवायला फिरून जायचे, पण त्या मागे आहेत की नाही हे वळून पाहायचे नाहीत. आता त्या घरी असल्या की ते रानात जातच नसत. गेले तर त्या भंडाऱ्याच्या बसमध्ये बसल्यानंतर.

पुढच्या हिवाळ्यात दशरथजींना भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखल केलं. छातीत कफ साठला होता. मी भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. खाट चांगली आहे म्हणाले, चहा पांचट आहे म्हणाले, देशकर साहेबांची बदली झाली का ते विचारलं. शालूताई स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या. त्या घरातली रीत मला माहीत होती, म्हणून मी लवकर निघालो.

काय झालं ते पुढे कधीतरी कळलं. शालूताईंनी जागा विचारली नाही. वडील चार दिवस बोलण्यासारखे होते, आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोणत्या बांधीला पाणी आधी लागतं, शेजाऱ्याकडे फावडं राहिलं आहे, आईचा फोटो कुठल्या पेटीत आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मुलीकडे बराच वेळ पाहिलं.

"पाखरं उडाली का जाजो," ते म्हणाले. "शोधजो."

"कोणीकडं, बाबा?" पद्धत मोडून शालूताईंनी तेव्हा विचारलं.

दशरथजींनी डोळे मिटून घेतले. ते थकले होते की त्यांना सांगायचं नव्हतं, हे ठरवायला काही साधन नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले.

शालूताई अजून पानं लावतात. मी ते कार्यालय सोडलं, तरी त्यांचा खेळ अधूनमधून उघडतो. लिंक सुरू आहे. रानात आता एक म्हातारा आहे, खांद्यावर दुपट्टा टाकलेला. त्याच्या मागे गेलं की तो बोडीच्या पाळीवर जाऊन बसतो. आपण थांबलो तर तोही थांबतो. आपण जात नाही तोवर तो उठत नाही. मी पुष्कळ वेळा थांबून पाहिलं आहे.

गेल्या पावसाळ्यात एका कामासाठी एकोडीच्या बाजूला गेलो होतो. पोळा नुकताच झाला होता. फाट्यावर गाडी उभी करून मी फोनवर बोलत होतो, तेव्हा साकोलीची बस थांबली आणि शालूताई उतरल्या. खांद्यावर चौकड्याचा दुपट्टा, हातात रिकामी कापडी पिशवी. त्यांनी मला पाहिलं. जवळ आल्या, कार्यालयातल्यांची खुशाली सांगितली. बंडूभाऊंना अजून ती विझलेली चूल सापडलेली नाही, असं सांगून हसल्या.

"पाखरं उडाली काय?" मी विचारलं.

"उडाली ना. परवाच." त्यांनी पिशवीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "बरं, येते मी."

फाट्यावरून तीन वाटा फुटतात. एक गावात जाते, एक बोडीवर आणि एक धुऱ्यावरून जंगलात. मी तिथेच उभा होतो आणि पाहत होतो, हे त्यांना माहीत होतं. दशरथजी नेहमी आधी जात त्या बोडीच्या वाटेकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या धुऱ्यावर चढल्या आणि सरळ जंगलाकडे गेल्या.